डिस्क आहे, पण दिसत का नाही?

संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक प्रश्न वर्षानुवर्षं येतो. नवी डिस्क आणली, केबल लावली, एसएमपीएसची वायर नीट बसवली. मग विंडोज टाकायला घेतल्यावर पडद्यावर ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ असं का येतं? डिस्क खराब निघाली का? बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते. घोडं अडतं ते बायोसच्या सेटअपमधल्या एखाद्या ओळीवर. त्या ओळीचं नाव इतकं गूढ असतं की माणूस तिला हात लावायला घाबरतो, किंवा न समजता हात लावतो आणि चालतं मशीन बंद पाडतो. या प्रकरणात अशाच ओळींची ओळख करून घ्यायची आहे.

१. दिसत नाही, पण कुठे?

‘डिस्क दिसत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात, आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे.

पहिली तक्रार बायोसची. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ ही कळ दाबून सेटअप उघडला, तर जिथे डिस्कचा मॉडेल नंबर दिसायला हवा तिथे काहीच नाही. इथे विंडोजचा संबंधच येत नाही. केबल, वीज, बंद ठेवलेला पोर्ट किंवा खरोखर बिघडलेली डिस्क, यांतलं एक कारण असतं.

दुसरी तक्रार जास्त बुचकळ्यात टाकणारी. बायोसला डिस्क दिसते, तिचं नाव आणि आकार बरोबर येतो; पण विंडोज टाकणाऱ्या पेन ड्राइव्हला ती दिसत नाही. म्हणजे डिस्क आणि केबल दोन्ही बहुधा शाबूत आहेत. आता शोध घ्यायचा तो ड्रायव्हरचा आणि बायोसमधल्या मोडचा.

तिसरी तक्रार चालू विंडोजमधली. ‘धिस पीसी’मध्ये नवा ड्राइव्ह येत नाही, पण ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं की काळी पट्टी आणि ‘अनॲलोकेटेड’ हा शब्द दिसतो. कोरी डिस्क अशीच दिसते. ती इनिशियलाइज करून तिच्यावर पार्टिशन पाडलं की काम झालं. मात्र डेटा असलेली जुनी डिस्क अचानक अशी कोरी दिसू लागली, तर इनिशियलाइजचं बटण अजिबात दाबू नये. आधी डेटा परत मिळवण्याची व्यवस्था करावी.

२. बायोसचं काम काही सेकंदांचं

बायोस हा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून ठेवलेला पहिला प्रोग्रॅम. आजच्या मशीनमध्ये त्याच्या जागी यूईएफआय आलं आहे, पण लोकांच्या तोंडी बायोस हेच नाव आहे आणि इथेही तेच वापरलं आहे. वीज आली की तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो, डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्सचा सुरुवातीचा तुकडा उचलतो आणि सूत्रं त्याच्या हाती देतो. त्यानंतर डिस्क वाचण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टीमचा स्वतःचा ड्रायव्हर करतो.

म्हणजे एकाच डिस्कशी दोन जण बोलतात: आधी बायोस, मग ड्रायव्हर. सेटअपमधल्या गूढ ओळींचा उगम इथेच आहे. हार्डवेअर दर दोन-चार वर्षांनी बदलत गेलं. जुनं सॉफ्टवेअर मात्र लोकांच्या घरात, बँकांत आणि कचेऱ्यांत तसंच चालू राहिलं. दोघांचं जमावं म्हणून त्या त्या वेळी एक तडजोड करावी लागली, आणि ती सेटअपमध्ये एक पर्याय होऊन बसली. तडजोड कधीची आणि कुणासाठी होती हे कळलं, की काय निवडायचं हा प्रश्न बराचसा सुटतो.

३. ५०४ एमबीवर अडलेली डिस्क

आयबीएमनं १९८४ मध्ये पीसी एटी बाजारात आणला. त्यात सेटिंग्ज लक्षात ठेवण्यासाठी बॅटरीवर चालणारी छोटी मेमरी होती. डिस्क कोणती आहे हे सांगायला बायोसमध्ये एक ठरीव तक्ता होता. त्यातला योग्य ‘टाइप’ क्रमांक निवडायचा. पुढे डिस्कचे इतके प्रकार आले की तक्ता पुरेना. मग अनेक बायोसमध्ये ‘टाइप ४७’ हा मोकळा पर्याय आला, त्यात डिस्कच्या लेबलवरचे आकडे हातानं भरायचे.

हे आकडे तीन: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. डिस्कच्या तबकडीवर वर्तुळाकार मार्ग असतात. सगळ्या तबकड्यांवरचे एकाखाली एक येणारे मार्ग मिळून एक सिलिंडर होतो. कोणत्या तबकडीची कोणती बाजू, हे हेडच्या क्रमांकावरून कळतं. आणि मार्गाचा एक तुकडा म्हणजे सेक्टर. त्यात ५१२ बाइट मावतात. डिस्कवरची कोणतीही जागा या तीन आकड्यांनी सांगता येत असे.

अडचण आली ती आकड्यांच्या लांबीमुळे. बायोसच्या डिस्कसेवेत सिलिंडरसाठी १० बिट, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट राखलेले होते. म्हणजे जास्तीत जास्त १,०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर. दुसरीकडे त्या काळच्या आयडीई जोडणीच्या डिस्कनं सिलिंडरला १६, हेडला ४ आणि सेक्टरला ८ बिट दिले: ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड, २५५ सेक्टर. दोघांना मान्य होईल असा पत्ता हवा, तर प्रत्येक रकान्यातला लहान आकडाच घ्यावा लागतो.

१,०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट.

हीच ती प्रसिद्ध ५०४ एमबीची मर्यादा. एकट्या बायोसची पोच ८.४ जीबीपर्यंत होती, एकट्या आयडीईची सुमारे १३७ जीबीपर्यंत. पण दोघं एकत्र आले की डिस्क अर्ध्या जीबीवर अडायची. त्यामुळे १९९० नंतरच्या दशकात मोठी डिस्क घेणाऱ्याला तिचा निम्माच भाग वापरता येतो, असे प्रसंग घडत.

त्यावरचा तोडगा म्हणजे सेटअपमधली ‘नॉर्मल, लार्ज, एलबीए’ ही त्रयी. नॉर्मलमध्ये आकडे जसेच्या तसे जात. लार्जमध्ये बायोस सिलिंडर निम्मे करी आणि हेड दुप्पट, आकडे मर्यादेत बसेपर्यंत. समजा डिस्कवर २,१०० सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर आहेत. पहिल्या फेरीत १,०५० सिलिंडर आणि ३२ हेड; अजूनही १,०२४ च्या वर. दुसऱ्या फेरीत ५२५ सिलिंडर आणि ६४ हेड, आता बसलं. एकूण सेक्टर दोन्ही हिशोबांनी २१,१६,८०० च. तिसरा पर्याय, एलबीए, यात डिस्कच्या सेक्टरांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग क्रमांक दिलेले असतात. तीन रकान्यांची कटकटच नको.

यातला धोका मात्र खरा होता. लार्जवर भरलेली डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये एलबीएवर लावली, की पार्टिशनचे पत्ते भलत्याच जागी बोट दाखवू लागत. डेटा जागेवर असे, पण उडाल्यासारखा दिसे. अशा वेळी घाईनं फॉरमॅट मारणाऱ्यांनी तो खरंच घालवला. जुन्या मशीनमधून काढलेली डिस्क वाचायची असेल, तर मूळ मशीनच्या सेटअपमधली ही ओळ आधी कागदावर उतरवून घ्यावी ती याचसाठी.

एलबीएनंही मर्यादा संपल्या नाहीत, फक्त पुढे सरकल्या. २८ बिटांचा सलग क्रमांक १३७ जीबीला संपला. ४८ बिटांचा आल्यावर आणि विंडोज एक्सपीच्या २००२ मधल्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये त्याला आधार मिळाल्यावर तो अडसर गेला. एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीत क्रमांक ३२ बिटांचा, म्हणून २.२ टीबीला कुंपण. त्याहून मोठ्या डिस्कवरून विंडोज सुरू करायची, तर जीपीटी पार्टिशन आणि बायोसमध्ये यूईएफआय मोड लागतो. ‘सीएसएम’ ही ओळ चालू करून यूईएफआयला जुन्या बायोससारखं वागायला लावलं, आणि विंडोज त्या जुन्या पद्धतीनं टाकली, की मोठी डिस्क पुन्हा २.२ टीबीवर अडते.

४. रुंद केबलचे दिवस

आयडीईच्या चपट्या रुंद केबलवर दोन डिस्क लागत. एक मास्टर, दुसरी स्लेव्ह. हे डिस्कच्या पाठीवरच्या जंपरनं ठरे. दोन्ही मास्टर ठेवल्या की बायोसला कधी एक दिसे, कधी एकही नाही. ‘केबल सिलेक्ट’ असा जंपर लावला तर जागेवरून ठरे. वेग वाढल्यावर ४० ऐवजी ८० तारांची केबल आली: निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. वाढलेल्या ४० तारा निव्वळ जमिनीला जोडलेल्या होत्या, शेजारच्या तारेतला संदेश मिसळू नये म्हणून.

इथलं एक दुखणं लक्षात ठेवण्याजोगं आहे. विंडोज एक्सपी चुका मोजत असे. सहा वेळा डेटा चुकीचा आला किंवा वेळेत आला नाही, की ती डेटा आणण्याची वेगवान डीएमए पद्धत सोडून हळू हळू खाली येत जुन्या, मंद पीआयओ पद्धतीवर येई. पीआयओचा सर्वांत वरचा मोडही सेकंदाला १६.७ एमबीच. मशीन अचानक मंद झालं म्हणून लोक व्हायरस शोधत बसत, आणि दोष असे सैल केबलचा.

५. २००३: दोन पिढ्या एका बोर्डावर

२००३ च्या सुरुवातीला साटाची पहिली आवृत्ती जाहीर झाली. रुंद पट्टीच्या जागी सात पिनांची बारीक केबल, प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल, जंपरची गरजच नाही. त्याच वर्षी इंटेलचे ८६५ आणि ८७५ हे चिपसेट आले. त्यांच्या जोडीच्या आयसीएच ५ चिपमध्ये जुन्या आयडीईच्या चार जागा होत्या आणि साटाच्या दोन. एकूण सहा.

पण विंडोज ९८ ला फक्त चार जागा ठाऊक होत्या. जुन्या पीसीत आयडीईच्या दोन वाहिन्यांचे पत्ते आणि इंटरप्ट १४ व १५ हे ठरलेलेच असत. त्यापलीकडे तिला बघता येत नसे. म्हणून सेटअपमध्ये ‘कम्पॅटिबल’ आणि ‘एन्हान्स्ड’ असे दोन पर्याय आले. एन्हान्स्डमध्ये सहाही उपकरणं दिसत, पण त्यासाठी विंडोज २००० किंवा एक्सपी हवी. कम्पॅटिबलमध्ये जास्तीत जास्त चारच, आणि ती कोणती हे ‘फक्त पाटा’ (पाटा म्हणजे जुनी आयडीई), ‘फक्त साटा’ किंवा ‘दोन्ही’ असं निवडून सांगायचं. ‘फक्त पाटा’ निवडलेल्या मशीनमध्ये साटा डिस्क कितीही नीट जोडली तरी दिसणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन जुळवणाऱ्या पिढीला ही ओळ चांगलीच परिचयाची झाली.

६. आयडीई, एएचसीआय, रेड

आता सर्वांत महत्त्वाची ओळ: ‘साटा मोड’. तिच्यात आयडीई, एएचसीआय आणि रेड असे तीन पर्याय असत. अलीकडच्या बोर्डांवर आयडीई उरलेला नाही.

ही ओळ डिस्कमध्ये काय बदलते? काहीच नाही. मदरबोर्डवरचे नियंत्रक पीसीआय या अंतर्गत मार्गावर असतात आणि तिथे प्रत्येक जण आपला प्रकार ठरीव क्रमांकानं सांगतो. ०१०१ म्हणजे आयडीई, ०१०४ म्हणजे रेड, ०१०६ म्हणजे साटा, ज्यात एएचसीआय येतो. सेटअपमधली ओळ बदलली की तीच चिप पुढच्या वेळी वेगळा क्रमांक सांगते. विंडोज तो वाचते आणि त्याप्रमाणे ड्रायव्हर शोधते. डिस्कवरच्या एका बाइटलाही धक्का लागत नाही. ‘मोड बदलला म्हणून डेटा गेला’ ही भीती इतकी पसरलेली आहे की हे ठासून सांगायला हवं.

आयडीई मोडमध्ये साटा चिप जुन्या रुंद केबलच्या नियंत्रकाचं सोंग घेते. त्यामुळे जुन्यात जुनी विंडोज चालते, पण एका वेळी डिस्कला एकच काम सांगता येतं. एएचसीआयची १.० ही आवृत्ती इंटेलनं २००४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात डिस्कला एकदम ३२ कामं देता येतात आणि कोणतं आधी करायचं हे डिस्कच ठरवते. पोस्टमनच्या पिशवीतली पत्रं ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं त्यानं वाटली, तर एकाच गल्लीत तो चार वेळा जाईल. आधी गल्लीवार लावून घेतली तर एकदाच. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणून चुकलेला प्रत्येक फेरा महाग पडतो.

घरच्या एकट्या वापरात, फिरत्या डिस्कवर हा फरक फारसा जाणवत नाही. एसएसडीवर मात्र तो ठळक आहे. तिच्यातल्या अनेक मेमरी चिप एकाच वेळी कामाला लागू शकतात, पण कामं एकेक करून आली तर बाकीच्या रिकाम्या बसतात. जुन्या लॅपटॉपला नवी एसएसडी लावून तो आयडीई मोडवरच ठेवणं म्हणजे दिलेल्या पैशांचा मोठा भाग वाया घालवणं आहे.

रेड हा तिसरा पर्याय. दोन डिस्क एकत्र करून एक मोठी बनवणं किंवा एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर ठेवणं, हे त्यात करता येतं. नुसता रेड मोड निवडला आणि डिस्क एकच असली, तर ती एकटीच, नेहमीसारखी चालते. डेटा जातो तो पुढच्या पायरीला, म्हणजे बायोसच्या रेड पडद्यावर जाऊन नवा ‘ॲरे’ बनवताना. तिथे इशारा येतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि रेड ० मध्ये, म्हणजे दोन डिस्कची एक मोठी केलेली असताना, दोनपैकी एक डिस्क गेली की दोन्हींवरचं सगळं जातं. महत्त्वाच्या कागदपत्रांसाठी तो कधीही वापरू नये.

७. निळा पडदा कुठून येतो?

विंडोज एका मोडवर टाकली आणि नंतर मोड बदलला, की सुरू होताना निळा पडदा येतो: ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’, जुन्या आवृत्त्यांत ७बी या आकड्यासह. कारण सरळ आहे. विंडोज सुरू होताना फक्त गरजेचे ड्रायव्हर उचलते. टाकताना आयडीई होतं, म्हणून एएचसीआयचा ड्रायव्हर तिनं बाजूला ठेवला. आता चिप नवा क्रमांक सांगते आणि हाताशी ड्रायव्हर नाही. मोड पूर्ववत केला की मशीन पुन्हा सुरू होतं.

एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हरच नव्हता. २००७ मध्ये व्हिस्टासह आलेल्या अनेक लॅपटॉपवर लोकांनी एक्सपी टाकायला घेतली, तेव्हा ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ हेच उत्तर मिळालं. एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देण्याची सोय होती, पण लॅपटॉपमध्ये फ्लॉपीच नव्हती. म्हणून बहुतेकांनी मोड आयडीईवर आणून वेळ निभावली. असे काही लॅपटॉप पुढे विंडोज ७ टाकल्यावरही आयडीईवरच राहिले.

विंडोज ८ पासून पुढे मोड बदलायची रीत सोपी आहे. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये सेफ बूट निवडायचं, मशीन पुन्हा सुरू करून थेट बायोसमध्ये जायचं, मोड बदलायचा आणि विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्यायची. ती नवा नियंत्रक ओळखते आणि त्याचा ड्रायव्हर सुरुवातीच्या यादीत घालते. मग सेफ बूटची खूण काढून नेहमीसारखं सुरू करायचं. आधी बॅकअप, अकाउंटचा पासवर्ड, आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी हवी.

काल चालणारं मशीन कुणी काही न बदलता आज निळा पडदा दाखवतं, याचं उत्तर कधी कधी तीन व्होल्टच्या सीआर २०३२ सेलमध्ये असतं. अनेक बोर्डांवर तो संपला की बायोस मूळ सेटिंग्जवर जातो आणि रेड किंवा आयडीईवर टाकलेल्या विंडोजसमोर एएचसीआय येऊन उभा राहतो. घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं दिसलं की हीच शंका घ्यावी.

८. नव्या लॅपटॉपमधली व्हीएमडी

इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर, म्हणजे २०२० पासून, व्हीएमडी ही ओळ अनेक लॅपटॉपमध्ये आली. आधी ती सर्व्हरमध्ये होती. ती चालू असताना एनव्हीएमई एसएसडी थेट समोर येत नाही. तिच्या आणि विंडोजच्या मध्ये व्हीएमडी नियंत्रक उभा असतो. विंडोज १० च्या पेन ड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो, म्हणून यादी कोरी येते.

उपाय दोन. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर उलगडून ठेवायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’ बटणानं दाखवायचा. किंवा व्हीएमडी बंद करून नव्यानं विंडोज टाकायची. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपला व्हीएमडीचा फायदा नगण्य आहे, त्यामुळे नव्या इन्स्टॉलसाठी दुसरा मार्ग सुटसुटीत. आधीच व्हीएमडीवर चालणारी विंडोज तशीच ठेवून ती ओळ बंद केली, तर मात्र वरचाच निळा पडदा.

९. उरलेल्या ओळी

‘हॉट प्लग’ प्रत्येक पोर्टला स्वतंत्र असतं. ते चालू केलं तर चालू मशीनमध्ये डिस्क काढता-लावता येते, आणि विंडोज आतल्या डिस्कलाही पेन ड्राइव्हसारखी काढता येणारी समजू लागते. ज्या डिस्कवर विंडोज आहे तिच्या पोर्टवर ते बंदच बरं.

‘स्मार्ट’ चालू असावं. डिस्क स्वतःच्या चुका मोजून ठेवते आणि हद्द ओलांडली की बायोस सुरुवातीलाच इशारा देतो. इशारा आला तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवावा. न आला म्हणून निर्धास्त राहू नये: गुगलच्या अभ्यासकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दिसलं नव्हतं.

एम.२ खोबणीचा नियम बायोसपेक्षा मॅन्युअलमध्ये सापडतो. बऱ्याच बोर्डांवर दुसरी एम.२ खोबणी आणि साटाचे एक-दोन पोर्ट यांच्या तारा सामायिक असतात. एसएसडी बसवली की ते पोर्ट आपोआप बंद होतात, आणि तिथली जुनी हार्ड डिस्क बायोसच्या यादीतूनही नाहीशी होते. केबल शेजारच्या पोर्टात हलवली की ती परत येते.

पोर्टाच्या क्रमांकाकडे लक्ष देण्याचं आणखी एक ठळक उदाहरण २०११ चं आहे. इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता. ३१ जानेवारीला इंटेलनं जाहीर केलं की त्यांच्या जोडीच्या ६ सिरीज चिपसेटमधले साटा पोर्ट काळाच्या ओघात कमजोर होऊ शकतात. दुरुस्ती आणि बदलीचा अंदाज ७० कोटी डॉलरचा होता. दोष होता तो क्रमांक २ ते ५ च्या, ३ गिगाबिट वेगाच्या पोर्टांत. ० आणि १ हे ६ गिगाबिटवाले पोर्ट शाबूत होते. ज्यांच्याकडे एक डिस्क आणि एक डीव्हीडी ड्राइव्ह एवढंच होतं, त्यांना दोन्ही केबल ० आणि १ मध्ये लावून तेच मशीन बिनधोक वापरता येत होतं.